जेवढं दिलंय तेवढंच

भंवरकुआंला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी रीझनिंग शिकवते. हिंदीतून.
फळ्यावर लिहिते: सगळी वांगी खुर्च्या आहेत.
काही खुर्च्या निळ्या आहेत.
पहिल्या दिवशी पोरं हसतात.
तिसऱ्या दिवशी कुणी हसत नाही,
वांग्यांवर खुशाल बसतात.

सांगते, वांग्याबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे
ते खाली जिन्यात चपलांपाशी काढून या.
इथे जेवढं दिलंय तेवढंच.
काही खुर्च्या निळ्या, म्हणून काही वांगी निळी?
साठातले चाळीस हात वर.
नाही रे बाबांनो. जी खुर्ची निळी आहे
ती वांगं नसलेलीही असू शकते.
‘असू शकते’ आणि ‘असतेच’
यांच्या मधल्या फटीत पाव मार्क पडून जातो.

लोकमान्यनगरात, घरी, सासरे. संस्कृतचे मास्तर होते.
मी पेपर काढायला बसले की आरामखुर्चीतून सुरू:
“डोंगरावर धूर दिसला की आग आहे म्हण.
आग दिसली म्हणून धूर शोधत बसू नकोस.
लोहाराकडचा तापलेला गोळा बघ,
लालभडक, आणि धुराचा पत्ता नाही.”
“हो अण्णा,” म्हणते,
आणि भाजीखालचा गॅस बारीक करते.

गेल्या फाल्गुनात सुकलाल डावर नऊ दिवस आला नाही.
कुक्षीकडचा. खिडकीकडून तिसरा बाक.
उत्तर सुटलं की पेनाचं टोपण चावायचा.
दहाव्या दिवशी आला तो डोकं तुळतुळीत.
वर्ग गप्प.
साठ जणांनी एका दमात प्रश्न सोडवला होता,
वांग्या-खुर्च्यांना लागतो तेवढाही वेळ न घेता.
पुढच्या बाकावरच्या मुलीनं त्याला आपली वही दिली,
त्यानं मागितली नव्हती.
त्या दिवशी रक्तसंबंधांचे प्रश्न होते:
अ हा ब चा बाप, ब ही क ची बहीण.
मी ते गाळले. घड्याळ आणि कोन घेतले.

सुटल्यावर त्याला जिन्यात थांबवलं.
शब्द जुळवत होते. सांत्वन करताना
माझी हिंदी नेहमी एका शब्दानं कमी पडते.
तोच म्हणाला, “मैडम, होस्टल में सबको जूँ पड़ गई थी।”

अण्णा इतके हसले की कवळी काढून वाटीत ठेवावी लागली.
“बाप गेला की डोकं भादरतात.
डोकं भादरलं की बाप जातो का गं?
आग बघून धूर काढलास तू, सूनबाई.”
लाजले. वर्षभरातला सगळ्यात सोपा प्रश्न,
आणि पाव मार्क माझाच गेला.

उवांना नऊ दिवस लागत नाहीत
हे रात्री, दूध विरजताना सुचलं.
पण ते बाहेरचं ज्ञान.
त्याची जागा चपलांपाशी.

चैत्रात तो फीचा दुसरा हप्ता घेऊन आला.
केस बोटभर वाढलेले.
फॉर्मवर पालकांच्या रकान्यात
जानेवारीत एक सही होती, शेपटीवाली, ओळ सोडून खाली उतरलेली.
आता अंगठा. निळ्या शाईचा.
लहान आहे, बाईचा असावा.

असावा.

बाप मजुरीला गुजरातेत गेला असेल.
हात मोडला असेल.
सही करणारा काका असेल आणि तो रुसला असेल.
मी इतकी वर्षं पर्याय ड छापते आहे:
दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.
पोरं तो शेवटी वाचतात, हरल्यासारखा.

रक्कम लिहिली, आकड्यात, मग अक्षरात.
‘पालकाचे नाव’ ही ओळ आली तिथं पेन थांबलं.
वर पाहिलं. तो खिडकीबाहेर
तारेवर वाळणारा कुणाचा तरी टॉवेल पाहत होता,
तोंडात टोपण.
ओळ कोरी ठेवली, पावती फाडली.
त्यानं ती वाचली, सगळी,
आणि चार घड्या करून वरच्या खिशात घातली.